थायरॉइडची गोळी सुरू केल्यानंतर ग्रंथी पुन्हा स्वतः काम करू लागते का?

मोगरा (कोथरूड)

नमस्कार. थायरॉइडविषयी येथे यापूर्वी चर्चा झालेली आहे, परंतु तिचा बराचसा भर वजन, केस गळणे आणि पथ्य यांवर असल्यामुळे माझ्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर मला त्यात मिळाले नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे.

माझे वय ३४ वर्षे आहे. मुलीच्या जन्मानंतर पाच-सहा महिन्यांनी मला विलक्षण थकवा जाणवू लागला. दुपारी तिला झोपवता झोपवता मीच आधी झोपी जात असे, आणि ऐन एप्रिलमध्ये घरातील सर्वांना पंखा हवा असताना मी अंगावर शाल घेऊन बसत असे. 'बाळंतपणानंतर असे व्हायचेच' असे म्हणून सुरुवातीला सर्वांनी, मीसुद्धा, ते सोडून दिले. पुढे आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले तेव्हा टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे हार्मोन; ग्रंथी मंद झाली की ते वाढते) १८.४ आला आणि फ्री टी-फोर, म्हणजे ग्रंथीचे स्वतःचे हार्मोन, कमी निघाले. तेव्हापासून थायरॉक्सिनची, म्हणजे त्याच हार्मोनची, ५० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेत आहे. मुलगी आता अडीच वर्षांची आहे, मला कसलाही त्रास नाही आणि गेल्या महिन्यातील टीएसएच २.१ आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. अहवाल इतका चांगला आला याचा अर्थ माझी ग्रंथी बरी झाली, असा घ्यावा का? आणि दुसरे, सासूबाईंच्या भिशीमंडळात सर्वांचे एकमत आहे की ही गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाही, कारण बाहेरून हार्मोन आयते मिळू लागल्यावर ग्रंथी कायमची आळशी होते. यात कितपत तथ्य आहे? डॉक्टरांना विचारले असता 'चालू ठेवा' एवढेच उत्तर मिळाले. त्यांच्या दवाखान्यातील गर्दी पाहता मी अधिक खोलात शिरले नाही.

---

सदाशिवपेठी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. टँकर मागवून सोसायटीची टाकी भरली म्हणजे महापालिकेचे पाणी आले असे होत नाही. टाकी भरलेली दिसते इतकेच. आपला २.१ हा आकडा गोळी घेत असतानाचा आहे, त्यामुळे गोळीचे प्रमाण आपल्याला योग्य बसले आहे, एवढेच तो सांगतो. ग्रंथी स्वतः किती हार्मोन तयार करते, हे त्यावरून कळण्याचा मार्ग नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण गाठीमुळे माझी संपूर्ण ग्रंथी शस्त्रक्रिया करून काढून टाकलेली आहे. जी वस्तू शरीरात नाही ती पूर्ववत कशी होणार? तरीही लग्नकार्यात कोणी ना कोणी मला कोपऱ्यात घेऊन 'अहो, ती गोळी हळूहळू कमी करा' असा सल्ला देतोच. दुसऱ्या प्रश्नावर जाणकारांनी लिहावे.

---

फिजिशियन_एरंडवणे

मी पुण्यात वैद्यकीय व्यवसाय करतो. येथे मी लिहितो ते सर्वसाधारण माहिती म्हणून घ्यावे. आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या निर्णयाची जागा ते घेऊ शकत नाही.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण त्या समजुतीमुळे अनेक रुग्ण गरज असूनही गोळी सुरू करायला तयार होत नाहीत. बाहेरून थायरॉक्सिन दिले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच कमी सोडते आणि त्यामुळे थायरॉइडचे स्वतःचे काम मंदावते, इथपर्यंत भिशीमंडळाचे म्हणणे बरोबर आहे. मात्र हे मंदावणे कायमचे नसते. १९५१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना मुद्दाम थायरॉइडचा अर्क देऊन त्यांच्या ग्रंथीचे काम दाबले गेले होते, आणि अर्क बंद केल्यावर काही आठवड्यांतच ते पूर्ववत झाल्याचे दिसून आले. १९७५ साली दीर्घकाळ हार्मोन घेतलेल्या व्यक्तींवर झालेल्या अभ्यासातही गोळी थांबवल्यावर पिट्युटरी आणि थायरॉइड यांचे परस्परांतील कामकाज साधारणपणे महिना-दीड महिन्यात रुळावर आले. तात्पर्य, ग्रंथी मुळात धडधाकट असेल तर गोळीने ती निकामी होत नाही; आणि गोळी थांबवल्यावर टीएसएच पुन्हा चढून तसाच राहिला, तर त्याचे कारण मूळ आजार हे असते.

म्हणून खरा प्रश्न असा विचारायला हवा की ग्रंथी मंद कशामुळे झाली होती. थायरॉक्सिनची गोळी कमतरता भरून काढते. ग्रंथीला झालेली इजा ती दुरुस्त करत नाही आणि वाढवतही नाही. ग्रंथी सावरली तर ती आपल्या कारणाने सावरते.

आयोडीनयुक्त मीठ सर्वत्र वापरले जाणाऱ्या भागात सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे हाशिमोतो थायरॉइडायटिस (थायरॉइडायटिस म्हणजे थायरॉइड ग्रंथीचा दाह). जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली त्याचे प्रथम वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते, रक्तात बहुधा थायरॉइडविरुद्धच्या अँटी-टीपीओ अँटीबॉडी सापडतात, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या दाहामुळे ग्रंथीतील काम करणाऱ्या पेशींची जागा तंतुमय ऊतक घेत जाते. एकदा ती झीज पुरती झाली की परतीची वाट फारशी उरत नाही. असे असले तरी काही थोड्या रुग्णांमध्ये ग्रंथी सावरल्याचे नोंदवलेले आहे. विशेषतः ज्यांच्यात टीएसएचला पेशींपर्यंत पोहोचू न देणाऱ्या अँटीबॉडी हे मुख्य कारण असते, त्यांच्यात या अँटीबॉडी कालांतराने नाहीशा झाल्या तर ग्रंथी पुन्हा चालू लागू शकते.

याउलट काही प्रकार मुळातच तात्पुरते असतात. विषाणूसंसर्गानंतर गळ्याच्या पुढच्या भागात दुखून येणारा, गिळताना कानापर्यंत कळ जाणारा थायरॉइडायटिस बहुतेकांमध्ये काही महिन्यांत पूर्ण बरा होतो. अमिओडॅरोन किंवा लिथियम यांसारख्या औषधांमुळे, अथवा आयोडीनचा अतिरेक झाल्यामुळे आलेले मांद्य कारण दूर झाल्यावर जाऊ शकते, मात्र ती औषधे मनाने बंद करायची नसतात. आणि ताई, आपण ओघात लिहून गेलात ती गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: आपला त्रास प्रसूतीनंतर पाच-सहा महिन्यांनी सुरू झाला. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात होणारा थायरॉइडायटिस हा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्यात कधी आधी काही आठवडे हार्मोन वाढते, छातीत धडधड होते, वजन उतरते, आणि मग ग्रंथी मंद होते. कधी थेट मंदच होते. त्यातील बहुसंख्य स्त्रियांची ग्रंथी प्रसूतीनंतर साधारण वर्षभरात पूर्ववत होते, काहींची होत नाही, आणि जिची झाली तिलाही पुढील आयुष्यात कायमचे थायरॉइडमांद्य येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो.

आपल्याला सांगता आले तर दोन गोष्टी सांगाव्यात. गरोदर होण्यापूर्वी किंवा गरोदरपणात टीएसएच तपासला होता का, आणि अँटी-टीपीओ कधी केली आहे का?

---

छोट्याचा_बाबा

डॉक्टरसाहेबांनी तात्पुरत्या प्रकारांचा उल्लेख केला, म्हणून लहान मुलांविषयी लिहितो. आमच्या मुलाच्या जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या चाचणीत टीएसएच जास्त आला आणि खात्री करून घेतल्यावर पहिल्या महिन्यातच गोळी सुरू झाली. रोज सकाळी वाटीत गोळी चुरडायची, त्यात आईचे थोडे दूध घालायचे आणि चमच्याने पाजायचे, हे माझ्याकडे असलेले काम होते, आणि गोळीचा शेवटचा पांढरा कण चमच्याला चिकटून राहू नये म्हणून मी त्यात पुन्हा दोन थेंब दूध घालून तो विसळून देत असे. बालहार्मोनतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले होते की मेंदूच्या वाढीची पहिली तीन वर्षे कोणताही प्रयोग करायचा नाही. तिसरा वाढदिवस झाल्यावर त्यांनी त्यांच्या देखरेखीखाली गोळी थांबवून पुन्हा तपासणी केली आणि ग्रंथी स्वतःच्या बळावर नीट चालत असल्याचे आढळले. त्याच दवाखान्यात आमच्याबरोबर येणाऱ्या एका मुलीची ग्रंथी जन्मतःच तयार झालेली नव्हती. तिला गोळी कायमच राहणार आहे. रोगाचे नाव दोघांच्याही फाइलवर एकच होते.

---

निसर्गस्नेही

इतक्या लवकर रासायनिक गोळीच्या मागे लागू नये असे माझे मत आहे. कांचनार गुग्गुळ आणि अश्वगंधा नियमित घेतल्याने माझ्या परिचयातील एका भगिनींची गोळी सुटली. सोबत कोबी-फ्लॉवर पूर्ण बंद करावा आणि पांढऱ्या मिठाऐवजी शेंदेलोण वापरावे.

---

फिजिशियन_एरंडवणे

त्या भगिनींचा त्रास मुळात कोणत्या प्रकारचा होता हे समजल्याशिवाय गोळी कशाने सुटली, हे सांगता येणार नाही. आपोआप बरा होणारा आजार ज्या महिन्यात बरा होतो, त्या महिन्यात जे काही पोटात जात असते त्याला श्रेय मिळते. त्यात आमची औषधेही आली.

अश्वगंधेने थायरॉइड हार्मोनची पातळी वाढू शकते असे काही छोट्या अभ्यासांतून दिसते, आणि म्हणूनच ती गोळीच्या जोडीला गुपचूप घेऊ नये. हार्मोन प्रमाणाबाहेर गेल्याची आणि यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. कोबी-फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाण्यास हरकत नाही. शेंदेलोणाचा सल्ला मात्र मी अजिबात मान्य करणार नाही. उपवासाला ते वापरणे वेगळे आणि घरातील सगळे मीठ तेच करणे वेगळे, कारण आयोडीन न मिसळलेल्या शेंदेलोणात ते पुरेसे नसते. आपल्याकडे मिठात आयोडीन घालण्याची सक्ती थायरॉइडच्याच विकारांसाठी आली, आणि घरात गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल तर त्याची गरज अधिकच असते. उलट टोकाला जाऊन आयोडीनच्या किंवा समुद्रशेवाळाच्या गोळ्याही घेऊ नयेत. जादा आयोडीननेही ग्रंथी मंदावते.

---

पर्वती_पायथा

माझ्या वडिलांचे वय ७६ आहे. संपूर्ण तपासणीच्या पॅकेजमध्ये टीएसएच ६.८ आला, फ्री टी-फोर व्यवस्थित होते, आणि त्या एका अहवालावरून गोळी सुरू झाली. पुढे घराजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांनी 'ही कशासाठी चालू आहे?' असे विचारून ती थांबवली आणि दोन महिन्यांनी पुन्हा तपासले, टीएसएच ६.२. आजही ते गोळीविना आहेत आणि रोज सकाळी तळजाईला फिरायला जातात. ही ग्रंथी 'बरी झाली' असे म्हणावे का?

---

फिजिशियन_एरंडवणे

बहुधा ती बिघडलेलीच नव्हती. वय वाढते तसा टीएसएच थोडा वर सरकतो, आणि सत्तरीनंतरच्या माणसाला तिशीतल्या माणसाची मर्यादा लावली की विनाकारण रुग्ण तयार होतात. टीएसएच किंचित जास्त आणि फ्री टी-फोर व्यवस्थित, या अवस्थेत आकडा १० च्या खाली असेल तर तो अनेकांमध्ये काही महिन्यांत आपोआप खाली येतो, म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी असा संकेत आहे. २०१७ साली युरोपातील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्यात ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींना थायरॉक्सिन किंवा त्यासारखी दिसणारी नकली गोळी देण्यात आली होती, आणि थकवा व इतर लक्षणे यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

गोळी थांबवणाऱ्यांचे पुढे काय होते, यावरील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार साधारण एक तृतीयांश लोकांचे अहवाल गोळीविना व्यवस्थित राहिले. हा आकडा वाचून कोणी हुरळून जाऊ नये, कारण ज्यांचे फ्री टी-फोर सुरुवातीलाच कमी होते, म्हणजे ज्यांचा आजार उघड होता, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे १२ टक्केच होते. सुरुवातीचा अहवाल जपून ठेवणे का महत्त्वाचे, ते यावरून लक्षात यावे. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांकडे शेवटचे दहा अहवाल असतात आणि पहिला तेवढा नसतो.

---

मोगरा (कोथरूड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फाइल शोधली. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यातील टीएसएच १.९ होता. अँटी-टीपीओ गोळी सुरू करतानाच झाली होती, ती पॉझिटिव्ह आहे. अहवालावर आकड्यापुढे ठळक अक्षरात 'जास्त' छापलेले असूनही तेव्हा मला त्याविषयी कोणी काही सांगितले नव्हते. आता मनात आशा निर्माण झाली आहे. महिनाभर गोळी थांबवून पाहावी आणि थकवा आला नाही तर तशीच बंद ठेवावी, असे करता येईल का? आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती. मुलीचे दूध तुटले आहे आणि आम्ही दुसऱ्या अपत्याचा विचार या दिवाळीनंतर करणार आहोत.

---

फिजिशियन_एरंडवणे

ही शेवटची ओळ नसती तर माझे उत्तर निराळे असते.

आधी ते सांगतो. आपला टीएसएच गरोदरपणात व्यवस्थित होता आणि प्रसूतीनंतर सहा महिन्यांच्या आत चढला, त्यामुळे प्रसूतीनंतरचा थायरॉइडायटिस हेच कारण सर्वाधिक संभवनीय दिसते. अशा वेळी गोळी सुरू होऊन साधारण वर्ष झाल्यावर ती कमी करून पाहावी, असे मार्गदर्शक तत्त्वांतच सांगितलेले आहे. आपल्या बाबतीत ती वेळ येऊन गेली असून कोणी तो विषय काढलेला दिसत नाही. वर दिलेला १२ टक्क्यांचा आकडा सर्व कारणांचा एकत्र असल्यामुळे तो आपल्याला जसाच्या तसा लावू नये. आपली शक्यता त्याहून चांगली आहे, मात्र पॉझिटिव्ह अँटी-टीपीओ आणि १८ पर्यंत गेलेला टीएसएच या दोन्ही गोष्टी ग्रंथी कायमची मंद राहण्याच्या बाजूला झुकतात. खात्री चाचणीनेच होईल.

ती चाचणी आपण म्हणता त्या पद्धतीने करू नये. थायरॉक्सिनचे रक्तातील अर्धे प्रमाण उतरायला साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे माणसाला ठणठणीत वाटते, 'बघा, गरजच नव्हती' असे तो सर्वांना सांगतो, आणि नंतर लक्षणे इतकी हळू येतात की त्यांचा संबंध गोळीशी जोडला जात नाही. थकवा आला की नाही यावर निर्णय घ्यायचा नसतो. डॉक्टर सहसा आधी मात्रा निम्मी करतात, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-फोर पाहतात, दोन्ही व्यवस्थित असतील तर गोळी पूर्ण थांबवून पुन्हा तेवढ्याच अंतराने तपासतात. रक्त शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि सकाळच्या त्याच सुमारास द्यावे, कारण दुपारचा टीएसएच सकाळच्या तुलनेत कमी येऊ शकतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते किमान दोन दिवस आधी थांबवावे; त्याने अहवाल चुकीचे येतात.

आता दिवाळीविषयी. गरोदर असताना, बाळाला अंगावर पाजत असताना, किंवा गर्भधारणेचा प्रयत्न चालू असताना हा प्रयोग करायचा नाही, असा स्पष्ट सल्ला आहे. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पुरेसे काम करू लागेपर्यंत, म्हणजे साधारण गरोदरपणाच्या मध्यापर्यंत, त्याच्या मेंदूची वाढ प्रामुख्याने आईकडून मिळणाऱ्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. दिवस राहिल्याचे लक्षात येईपर्यंत चार-पाच आठवडे उलटून गेलेले असतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत आपला टीएसएच कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही, अशी स्थिती यायला नको. आपल्याकडे वेळ कमी आहे. मात्रा दोन टप्प्यांत उतरवून प्रत्येक टप्प्यावर तपासायचे म्हटले तर तीन-चार महिने लागतील, आणि दुसऱ्या टप्प्यावर टीएसएच चढला तर गोळी पुन्हा बसवायला आणखी तेवढेच. आपण दिवाळीचा बेत पुढे ढकलायला तयार असाल तर आपल्या डॉक्टरांशी बोलून आता सुरुवात करता येईल. तयार नसाल तर गोळी आहे तशी चालू ठेवावी. गर्भधारणेपूर्वी टीएसएच २.५ च्या खाली असावा असे मानले जाते, आपला आहे.

---

सदाशिवपेठी

एक भर घालतो. ही गोळी चहासोबत घेणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने, आणि बाळंतपणात लोह-कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या की त्या किमान चार तासांच्या अंतराने. नाहीतर मात्रा अपुरी पडते आणि दोष ग्रंथीला जातो.

---

मोगरा (कोथरूड)

घरी बोलणे झाले. आम्ही दिवाळीचा बेत बदलणार नाही, गोळी चालू ठेवणार आहोत. दिवस राहिले तर मात्रा तीच राहते का, आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर हा प्रयोग पुन्हा करता येईल का, एवढेच विचारायचे होते.

---

फिजिशियन_एरंडवणे

गरोदरपणात गरज बहुधा वाढते, २५ ते ५० टक्क्यांपर्यंतही. त्यामुळे चाचणी पॉझिटिव्ह येताच पहिल्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. मात्रा तत्काळ किती वाढवायची हे त्यांच्याकडून आजच लिहून घेऊन फाइलमध्ये ठेवले तर उत्तम. त्यानंतर गरोदरपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहावा लागेल. प्रसूतीनंतर मात्रा पूर्वीइतकी खाली आणतात आणि सहा आठवड्यांनी तपासतात. आपल्याला हा त्रास एकदा झालेला असल्याने तो पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, म्हणून त्या वर्षी तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यातही तपासणी करून घ्यावी. प्रयोगाचा विषय बाळ वर्षाचे होऊन अंगावरचे दूध तुटल्यावर काढावा, आणि तोपर्यंत अँटी-टीपीओ पुन्हा पुन्हा करण्यात पैसे घालवू नयेत. तो आकडा वर-खाली झाल्याने निर्णय बदलत नाही.